आज एकटीने कूस बदलली!!

ऑपरेशनला आज 12 दिवस झाले. पाठीत दोन रॉड आणि स्क्रू बसलेत, कणा बराच सरळ झालाय, पण सुरुवातीला नुसतं पलंगावरून उठायचं म्हटलं तरी रडूच यायचं. डॉक्टरांनी सगळं समजावलं होतं हो, पण दुखत असताना ते कुठे आठवतंय. मग 2 वर्षांपूर्वी हेच ऑपरेशन झालेली एक ताई रोज रात्री फोन करायला लागली, तिनेच परत परत सांगितलं की आधी गुडघे वाकव, मग खांदे आणि कंबर एकदमच वळव, ओंडका लोळतो ना तसं, पाठ अजिबात पिळायची नाही, आणि पाय खाली सोडत हाताच्या जोरावर उठ. आज तसंच केलं आणि जमलं, आईला हाक न मारता!

हाडं नीट जुळून यायला 6 महिने ते वर्ष लागतं, तोवर वाकणं, जड उचलणं बंद. टाक्यांच्या बाजूला बधिर वाटतं त्याची फार भीती वाटायची, दुसरी एक मैत्रीण म्हणाली मलाही होतं गं, हळूहळू कमी झालं, त्या रात्री शांत झोपले मी.

ताईला आत्ताच मेसेज टाकला. लगेच रिप्लाय, "शाब्बास! आता जिना."