मोबाईलवर नैराश्य मोजताना

पीएचक्यू-९ ही नैराश्याची लक्षणं मोजणारी प्रश्नावली आता मोबाईलवर पाच मिनिटांत भरता येते. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, बेरीज २७ पर्यंत. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम-तीव्र, २० पासून तीव्र. पण हा आकडा म्हणजे निदान नव्हे, ते डॉक्टरच करतात.

गडबड होते ती झोप, थकवा आणि भूक या प्रश्नांवर. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणारा कामगार किंवा ऐन द्राक्षतोडणीतला निफाडचा बागायतदार इथे सहज ५-६ गुण मिळवतो, मन ठीक असूनही. म्हणून बेरजेआधी पहिले दोन प्रश्न बघा: कशातच रस न वाटणं आणि उदास वाटणं. तिथे शून्य असेल तर आधी कामाची पाळी, कामाचा ताण विचारा.

फोन घरात सगळ्यांचा असतो. शेजारी बसून मुलगा वाचून दाखवत असेल तर आई खरं उत्तर देणार नाही. एकटीलाच भरू द्या.

दर दोन आठवड्यांनी भरा, रोज नको. ५ गुणांचा फरक पडला तरच तो खरा बदल धरा.

नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांचा. तिथे १ जरी आला तरी बेरीज बाजूला ठेवून त्याच दिवशी माणसाशी बोला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही.