‘र’ची चार रूपे आणि माझी पीएच.डी.

विशेष शिक्षणात पीएच.डी. करावी, हे माझ्या मनाने घेतले ते वर्गात शिकवताना. ठाण्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत अध्ययन अक्षमता (म्हणजे वाचन-लेखन शिकण्यात विशेष अडचण) असलेल्या मुलांना शिकवताना मला वारंवार दिसे की, बाराखडी जमलेले मूलही जोडाक्षरापाशी अडखळते, आणि त्यात ‘र’ असला तर हमखास. ‘सूर्य’मध्ये तो रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो, ‘प्रकाश’मध्ये तिरकी रेघ होतो, ‘राष्ट्र’मध्ये ‘ट’च्या खाली जातो आणि ‘सुऱ्या’मध्ये त्याचे रूप आणखी बदलते. यावर इंग्रजीतल्या वाचन-संशोधनातून आयते उत्तर मिळण्यासारखे नव्हते, म्हणून ‘र’ची जोडाक्षरे या मुलांना कशी शिकवावीत, हाच माझ्या संशोधनाचा विषय ठरला.

प्रवेशाबद्दल थोडक्यात सांगते. विशेष शिक्षक म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि ती माझ्याकडे होती, पीएच.डी.ला मात्र विद्यापीठाचे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम लागू होतात. आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार पदव्युत्तर परीक्षेत सर्वसाधारणपणे ५५ टक्के गुण, प्रवेशपूर्व परीक्षा किंवा राष्ट्रीय पात्रता परीक्षा (नेट), मुलाखत आणि प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) कोर्सवर्क अशी वाट आहे. किमान कालावधी तीन वर्षांचा. नोकरी सांभाळून कोर्सवर्क करताना ठाणे–वाशी लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की वाचन होई.

खरा कस लागला तो विद्यापीठाच्या समितीकडून संशोधनाचा आराखडा मंजूर करून घेताना. त्यात मोजकीच मुले होती. “एवढ्या थोड्या मुलांवरून निष्कर्ष कसा काढणार?” असे समितीतल्या एका सदस्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. पण अध्ययन अक्षमता असलेली दोन मुले क्वचितच सारखी असतात; एकाला अक्षर ओळखता येते पण आठवून लिहिता येत नाही, दुसऱ्याचे नेमके उलट असते. अशा मुलांचे दोन गट करून सरासरी काढली, तर कोणाला काय उपयोगी पडले हेच सरासरीत बुडून जाते. म्हणून मी एकल-विषय अभिकल्प, म्हणजे एकेका मुलाची त्याच्या स्वतःच्याच आधीच्या नोंदींशी तुलना करण्याची पद्धत, मांडला: शिकवणे सुरू करण्यापूर्वी प्रत्येक मुलाच्या वाचनाच्या निदान पाच नोंदी घ्यायच्या, मग एकेका मुलाला वेगवेगळ्या वेळी शिकवायला सुरुवात करायची आणि ज्याचे शिकवणे सुरू झाले त्याचाच आलेख वर जातो का, हे पाहायचे. इतरांचे आलेख तोवर जागीच राहिले, तर बदल शाळेतल्या नेहमीच्या अभ्यासामुळे किंवा वय वाढल्यामुळे झाला असे म्हणता येत नाही. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी हा आलेख माझ्याकडून इतक्यांदा काढून घेतला की समितीपुढे मी तो फळ्यावर हातानेच काढून दाखवला. आराखडा मंजूर झाला.

शब्दयाद्या मी बालभारतीच्या पुस्तकांतून तयार केल्या. पालकांची लेखी संमती घेतली, पण मुलांनाही विचारले, कारण नको असेल तेव्हा थांबण्याचा हक्क त्यांनाही असतो. एका आईने विचारले, “बाई, याचा निकालावर परिणाम होणार नाही ना?” त्या भीतीला उत्तर दिल्याशिवाय सही घेणे मला पटले नसते, या नोंदी शाळेच्या गुणपत्रिकेत जाणार नाहीत, हे मी त्यांना संमतीपत्रातच लिहून दिले. काही वाचने दुसऱ्या शिक्षिकेने स्वतंत्रपणे तपासली, म्हणजे माझ्या कानाला हवे तेच ऐकू येते आहे असे व्हायला नको.

मौखिक परीक्षेत बाह्य परीक्षकांनी सर्वाधिक वेळ रफारावर घेतला. ‘र’ आधी उच्चारला जातो पण खूण नंतरच्या अक्षरावर दिसते, म्हणून माझ्या मुलांना रफार तिरक्या रेघेपेक्षा उशिरा जमला, हे मी आलेखांवरून दाखवले. प्रबंध आता शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, आहे. शब्दयाद्या परिशिष्टात दिल्या आहेत आणि त्या कोणाही शिक्षकाला वर्गात वापरता येतील.