दुबळ्या आम्लाचा बेस प्रबळ नसतो

‘दुबळ्या आम्लाचा कॉन्ज्युगेट बेस प्रबळ असतो’ (कॉन्ज्युगेट बेस म्हणजे आम्लाने एक प्रोटॉन दिल्यावर उरतं ते) हे वाक्य गोव्यात अकरावी-बारावीच्या वह्यांत सर्रास सापडतं. ते चुकीचं आहे, आणि पुढची गणितं तिथेच घसरतात. खरं एवढंच की दोन आम्लांपैकी जे जास्त दुबळं, त्याचा बेस दुसऱ्याच्या बेसपेक्षा जोरकस.

आकडेच बघू. 25 अंश सेल्सिअसला जोडीतल्या आम्लाचा केए (ते पाण्यात किती जोरात प्रोटॉन देतं त्याचा आकडा) आणि बेसचा केबी (तो किती जोरात प्रोटॉन घेतो त्याचा) यांचा गुणाकार पाण्याच्या केडब्ल्यूइतका (पाणी स्वतः किती आयनांत फुटतं त्याचा आकडा), म्हणजे 1.0 × 10⁻¹⁴ असतो. ॲसेटिक आम्लाचा केए 1.8 × 10⁻⁵, म्हणून ॲसिटेटचा केबी 5.6 × 10⁻¹⁰. दोघंही दुबळेच! 0.1 मोलर सोडियम ॲसिटेट घ्या: केबी गुणिले 0.1, त्याचं वर्गमूळ 7.5 × 10⁻⁶ ही हायड्रॉक्साइडची तीव्रता, म्हणजे पीओएच (तिचा ऋण लॉग) 5.1 आणि पीएच (14 वजा पीओएच) 8.9. तेवढ्याच तीव्रतेच्या कॉस्टिक सोड्याचा (सोडियम हायड्रॉक्साइडचा) पीएच 13 येतो. मग ॲसिटेटला प्रबळ कसं म्हणायचं?

पाण्यात बेस खरोखर प्रबळ ठरतो तो त्याचं आम्ल पाण्याहूनही दुबळं असेल तेव्हाच. फेणीतल्या इथेनॉलचा केए साधारण 10⁻¹⁶. त्याचा बेस इथॉक्साइड पाण्यात पडताच प्रोटॉन ओढून घेतो आणि हायड्रॉक्साइड मागे उरतो. दुसऱ्या टोकाला हायड्रोक्लोरिक आम्लाचा क्लोराइड. त्याची बेस म्हणून पाण्यात काहीच गणती नाही, म्हणून मिठाचं पाणी उदासीन राहतं.

ॲसिटेटचा हा किंचित बेसपणा लॅबमध्ये मात्र चांगलाच जाणवतो. माडाच्या सुरेचं व्हिनेगर टायट्रेट करून बघा, म्हणजे त्यातलं आम्ल संपायला किती बेस लागतो ते मोजा. 10 मिली व्हिनेगर पाणी घालून 100 मिली करा. सुरेच्या व्हिनेगरचा रंग आणि गढूळपणाही त्याने कमी होतो, नाहीतर एंड पॉइंट, म्हणजे दर्शकाचा रंग बदलतो तो क्षण, दिसणं कठीण. त्यातले 10 मिली पिपेटने फ्लास्कमध्ये घ्या, ब्युरेटमध्ये 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड भरा. व्हिनेगर 4 टक्क्यांचं असेल तर सुमारे 6.7 मिली लागतील. त्या क्षणी फ्लास्कमध्ये आम्ल संपलेलं, पण ॲसिटेट भरपूर. म्हणून पीएच 7 नव्हे, 8.7 च्या आसपास असतो. फिनॉल्फ्थॅलीन हा दर्शक 8.2 च्या पुढे गुलाबी होऊ लागतं, म्हणजे अगदी योग्य. मिथिल ऑरेंज हा दुसरा दर्शक टाकलात तर 4.4 लाच ते पूर्ण पिवळं होतं, आणि तोवर जेमतेम 30 टक्के आम्ल संपलेलं असतं. रीडिंग 2 मिली येईल आणि चांगल्या व्हिनेगरवर भेसळीचा आळ येईल. फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा; नंतर तो उडाला तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरला समजा, आणखी थेंब घालू नका.

जोडी जुळवताना एकच प्रोटॉन मोजायचा. कार्बोनिक आम्ल आणि कार्बोनेट ही जोडी नव्हे, मध्ये बायकार्बोनेट आहे. बायकार्बोनेटचा केबी हवा असेल तर कार्बोनिक आम्लाचा पहिला केए घ्या, 4.3 × 10⁻⁷, उत्तर 2.3 × 10⁻⁸. बहुतेक जण इथे दुसरा केए, 4.7 × 10⁻¹¹, घेतात. तो बायकार्बोनेटचा आम्ल म्हणून आकडा, आणि त्याने केडब्ल्यूला भागलं की कार्बोनेटचा केबी येतो. बायकार्बोनेटचे हे दोन आकडे शेजारी ठेवले की खाण्याचा सोडा पाण्यात बेसिक का, हेही कळतं: केबी केएच्या जवळजवळ 500 पट आहे.

आणि केडब्ल्यू तापमानाबरोबर बदलतो, हे आपल्याकडे विसरून चालणार नाही. मे महिन्यातल्या लॅबमध्ये पारा 30 च्या वर असतो, आणि 30 अंशांना केडब्ल्यू सुमारे 1.5 × 10⁻¹⁴ होतो. पुस्तकातली गणितं 25 अंश धरूनच सोडवा, पण पीएच मीटरवर उदासीन पाणी 6.9 दाखवू लागलं तर मीटरला दोष देऊ नका.