डिव्हाइस ट्रीमध्ये डिस्प्लेपोर्टचं व्होल्टेज लिहिताना: माझा अनुभव

डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डावर कोणतं हार्डवेअर आहे हे लिनक्स कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, सांगणारी फाइल. कर्नल कंपाइल करणं, बोर्ड बूट करणं यावर काही लिहीत नाही, ते बिनबोभाट झालं. अडलं ते एका तक्त्यावर, आणि त्या तक्त्याचा राग अजून उतरलेला नाही.

बोर्डाला एम्बेडेड डिस्प्लेपोर्टचा, म्हणजे चित्र पाठवणाऱ्या डिजिटल जोडणीचा, पॅनेल जोडला होता. लेनचा (डेटा वाहणाऱ्या तारांच्या जोडीचा) वेग सेकंदाला २.७ गिगाबिट ठेवला की चित्र स्वच्छ यायचं. ५.४ केला की लिंक ट्रेनिंग, म्हणजे चित्र सुरू होण्याआधी दोन्ही टोकांनी सिग्नल जुळवून घेणं, फेल! त्यातला क्लॉक रिकव्हरीचा (सिग्नलचा ठेका पकडण्याचा) टप्पा पास व्हायचा आणि चॅनल इक्वलायझेशनला (बिट नीट वाचता येण्याच्या टप्प्याला) सगळं कोसळायचं. बोर्डावरचे ट्रेस, कनेक्टर, केबल हे सगळे उच्च फ्रिक्वेन्सी खातात, म्हणून पाठवतानाच सिग्नल घडवून पाठवावा लागतो. त्यासाठी दोन गोष्टी हातात असतात, व्होल्टेज स्विंग (सिग्नलची उंची) आणि प्री-एम्फसिस (बिट बदलतो तिथे सिग्नल मुद्दाम आणखी उंचावणं). दोन्हींच्या ० ते ३ अशा पातळ्या. स्विंगच्या ढोबळमानाने ४००, ६००, ८०० आणि १२०० मिलिव्होल्ट, तर प्री-एम्फसिसच्या ०, ३.५, ६ आणि ९.५ डेसिबल. दोन्ही पातळ्यांची बेरीज ३ च्या वर जाऊ द्यायची नाही. कारण साधं आहे: ३.५ डेसिबल म्हणजे सुमारे दीडपट, ६ म्हणजे दुप्पट, ९.५ म्हणजे तिप्पट. ४०० ची तिप्पट, ६०० ची दुप्पट, ८०० ची दीडपट, कुठूनही गेलात तरी १२०० ला पोचता. त्यामुळे सोळापैकी दहाच जोड्या चालतात.

आता तो तक्ता. चिप बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या कर्नलमध्ये स्विंग आणि प्री-एम्फसिसच्या जोड्यांसाठी चार बाय चारचे हेक्स (सोळाच्या पायातले) आकडे होते आणि ते जसेच्या तसे रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपच्या सेटिंगच्या कप्प्यांत, ओतले जायचे. मूळ लिनक्स कर्नलमध्ये हे खपत नाही. डिव्हाइस ट्रीने हार्डवेअरचं वर्णन करावं, रजिस्टरच्या किमती ओतू नयेत, आणि आकडा खऱ्या एककात असावा, असा तिथला आग्रह असतो. मला तो शंभर टक्के पटतो. उद्या दुसऱ्या कुणाला त्या हेक्समधून काय कळणार आहे?

म्हणून कंपनीच्या सपोर्टला विचारलं की कोणता कोड म्हणजे किती मिलिव्होल्ट. उत्तर आलं: आधी गोपनीयतेच्या करारावर सही करा. सही केली. मग एक पीडीएफ आली, आणि तिच्यात तोच तक्ता! पुन्हा विचारलं, तर म्हणे "या किमती तपासून निश्चित केलेल्या आहेत, बदलू नयेत." अहो, बदलायच्या की नाही ते नंतर बघू, त्यांचा अर्थ काय ते तर सांगा! त्यानंतर तिकीट एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरत राहिलं. प्रत्येक नवा माणूस नम्रपणे बोर्डाचा सीरियल नंबर मागायचा. तो पहिल्याच मेलमध्ये दिलेला होता.

शेवटी वैतागून ऑसिलोस्कोप आणि डिफरन्शियल प्रोब लावला आणि एकेक कोड स्वतः मोजला. इथे एक सूचना: एक-शून्य-एक-शून्य असा पॅटर्न पाठवून प्री-एम्फसिस मोजता येत नाही. त्यात प्रत्येक बिट बदलतो, म्हणजे प्रत्येक बिट उंचावलेलाच दिसतो. सलग पाच एक आणि सलग पाच शून्य पाठवा. मग पहिला बिट उंच आणि पुढचे खाली बसलेले दिसतात, त्यांचं गुणोत्तर काढायचं. आणखी एक गोष्ट मोजल्यावरच कळली: कोड दुप्पट केला म्हणून व्होल्टेज दुप्पट होत नव्हतं. पीडीएफमध्ये याचा उल्लेखही नव्हता. हा तक्ता स्वतः मोजून काढला याचा अभिमान आहे, लपवत नाही.

पुढचं सोपं. मायक्रोव्होल्टमध्ये आकडे लिहिले आणि ते कोडमध्ये बदलायचं काम ड्रायव्हरवर सोपवलं. फायच्या (सिग्नल प्रत्यक्ष तारेवर पाठवणाऱ्या भागाच्या) अॅम्प्लिट्यूडसाठी कर्नलमध्ये 'टीएक्स-पी२पी-मायक्रोव्होल्ट' ही सामायिक प्रॉपर्टी आधीच आहे, त्यामुळे नवं नाव शोधण्यापूर्वी बाइंडिंगच्या (डिव्हाइस ट्रीत काय लिहायचं याच्या नियमांच्या) फोल्डरमध्ये नीट बघा. प्रॉपर्टी ऐच्छिक ठेवा आणि डीफॉल्ट लिहा, कारण जुना डीटीबी (कंपाइल केलेला डिव्हाइस ट्री) नव्या कर्नलवर चालायलाच हवा. बाइंडिंगचा पॅच ड्रायव्हरच्या आधी आणि वेगळा. बाइंडिंग ज्या वायएएमएल स्वरूपात लिहितात त्यात टॅब चालत नाही, कर्नलच्या सी कोडमध्ये मात्र टॅबच. 'डीटी_बाइंडिंग_चेक' ही बाइंडिंगची तपासणी चालवल्याशिवाय पॅच पाठवू नका.

हो, वर सांगायचं राहिलं. ट्रेनिंग नेमकं कुठे पडतंय ते बघायला 'डीआरएम.डीबग' पॅरामीटरमध्ये हेक्स १०० चा बिट लावा, डिस्प्लेपोर्टचे संदेश लॉगमध्ये येतात. आणि तुमची प्रॉपर्टी चालू कर्नलपर्यंत पोचली का, हे 'प्रॉक' खालच्या 'डिव्हाइस-ट्री' फोल्डरमध्ये दिसतं. बूटलोडर भलताच डीटीबी उचलत असेल तर ते इथेच उघडं पडतं.

पॅच स्वीकारला गेला. ५.४ वर पॅनेल आता पहिल्याच ट्रेनिंगला लागतो, आणि तोही स्विंग सगळ्यात वरच्या पातळीला न नेता.