विशारदचं मंचप्रदर्शन आणि वीस आवर्तनांचा बिहाग

यंदा गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या शास्त्रीय गायनाच्या विशारद पूर्ण परीक्षेला बसतेय. लेखीची काळजी नाही. पलुस्कर आणि भातखंडे, दोन्ही स्वरलेखन पद्धतींनी बंदिशी लिहून लिहून हात बसलाय, आणि पेपर मराठीत लिहिता येतो. तोंडीला परीक्षक विचारतील तो राग, तो ताल म्हणून दाखवायचा, त्याची सवय आधीच्या मध्यमा परीक्षेपासून आहे. सगळा जीव लागलाय तो मंचप्रदर्शनात. समोर श्रोते, दोन्ही बाजूंना तबला-पेटी, आणि आपण मांडलेला एक राग.

मी बिहाग घेतलाय. परीक्षा दिवसा असते आणि बिहाग रात्रीचा, म्हणून वर्गात कुणीकुणी भीमपलास सुचवला. पण बिहागाचा गंधार लागला की माझा आवाज आपोआप मोकळा होतो. ज्या रागात आपलं मन रमतं तोच मंचावर न्यावा, असं मला मनापासून वाटतं.

माझ्या गाण्याच्या बाई म्हणाल्या, "सगळं मिळून अर्धा तास धर गे." अर्धा तास ऐकायला मोठा वाटतो. पण आमच्या लयीत विलंबित (संथ) एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे बारा मात्रांचा एक फेरा, साधारण ५० सेकंदांचं होतं. बड्या ख्यालाला, म्हणजे संथ लयीतल्या मुख्य बंदिशीला, १७ मिनिटं दिली तर हाती येतात जेमतेम २० आवर्तनं. वर्षानुवर्षं शिकलेलं सगळं एवढ्यात बसवायचं! बाईंनी माझी वही ओढून घेतली आणि पेन्सिलीनं हिशेब मांडला. पहिल्या दोन आवर्तनांत स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, भरायची. पुढची पाच मंद्र (खालच्या सप्तकातल्या) निषादापासून गंधारापर्यंत, तिथे अजिबात घाई नाही, कारण गंधार वादी, म्हणजे रागाचा मुख्य स्वर. मग चार पंचमाभोवती, तीन मध्य निषादावर, तीन अंतऱ्याला (बंदिशीच्या दुसऱ्या भागाला) आणि वरच्या तार षड्जाला. उरलेल्या तिनांत बोलअंग (बंदिशीच्या शब्दांशी खेळणं) आणि ताना. माझ्या आवडीच्या दोन लांब सपाट ताना त्यांनी सरळ काट मारून काढल्या. तबल्याला बसणारे काका कानडी, ते डग्ग्यावर हात ठेवून हसत म्हणाले, "इरली बिडी (असू द्या), द्रुतला घ्या की त्या." द्रुत म्हणजे नंतरची जलद बंदिश.

तीव्र मध्यमाबद्दल तर बाईंचा कटाक्षच आहे. प म॑ ग म ग असा त्याचा नुसता स्पर्श व्हायला हवा. त्याच्यावर रेंगाळलं की मारुबिहाग हा जवळचा राग डोकं वर काढतो. आरोहात रिषभ-धैवत वर्ज्य, ते अवरोहात हलकेच यायचे. हे पुस्तकात चार ओळींत असतं, पण गाताना त्यातली प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे सांभाळावी लागते.

काटछाट करायची म्हणजे राग अपुरा राहणार, ही धास्ती जाता जात नव्हती. मग बाईंनी किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकायला लावल्या. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू म्हणजे तीन-सव्वातीन मिनिटं. तेवढ्यात राग पुरा उभा राहतो, आणि कुठे धावपळ जाणवत नाही. खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ साली गेले आणि मिरजेच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे. आपल्या बेळगावकडच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व लहानपणी अशाच तबकड्या ऐकून हुबेहूब गात. तीन मिनिटांत हे होतं, मग मला १७ मिनिटं कमी पडायचं कारण नाही.

आमचं घर बेळगावच्या वडगावात. सकाळी आजूबाजूचे माग सुरू झाले की खटखटीत षड्जसुद्धा ऐकू येत नाही, त्यामुळे खर्जाचा, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज त्याआधी उरकते. एरवी मोबाईलवरच्या तानपुऱ्यावर भागतं. पण मंचावर खरा तानपुरा हवा, म्हणून हल्ली रोज तोच काढते. माझा मिरजेचा आहे. तिथल्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला घरातल्या माणसाचा सत्कार झाल्यासारखं वाटलं. माझी पट्टी, म्हणजे षड्जाची जागा, पेटीची काळी चार. आधी खुंटीनं तार जवळपास आणायची, मग मणी सरकवून नेमकी करायची. त्यानंतर घोडीवर तारेखालचा दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे. एका ठिकाणी तार एकदम बोलायला लागते आणि षड्जाच्या तारेतून गंधार कानावर येतो. तो गंधार ऐकू आल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. थंडीच्या दिवसांत खोली बदलली की तारा उतरतात-चढतात, तेव्हा परीक्षेच्या जागी लवकर जाऊन तिथेच सगळं पुन्हा लावायचं ठरवलंय.

शेवटच्या पाच मिनिटांचं तेवढं ठरायचं होतं. वर्गातल्या बहुतेक जणी नाट्यपद घेतात. माझी आई गोकाककडची, तिच्याकडून एक दासांचं, म्हणजे कर्नाटकातल्या हरिदास संतांचं कानडी पद लहानपणीच माझ्या गळ्यात उतरलंय. परीक्षक महाराष्ट्रातून आले तर कानडी पद त्यांना चालेल का, असं मी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "भीमसेनजींनी अभंगही गायले आणि दासवाणीही. तू सुरात गा म्हणजे झालं." तर शेवट त्या पदानंच करणार आहे. काकांनी त्याचा ठेका परवा लावून दिला. आता द्रुत बंदिशीतून पदाकडे जाताना मध्ये किती थांबायचं, तेवढं रविवारच्या तालमीत बघायचं.