अण्णांसोबत कॅन्ससच्या ज्वारीच्या मुलखात

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात चाळीस वर्षे मालदांडी ज्वारी पेरणारे माझे वडील २०२४ च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे ओव्हरलँड पार्कला राहायला आले. कॅन्सस सिटीच्या या उपनगरात घरे, दुकाने आणि रुंद रस्ते याखेरीज फारसे काही नाही. दोन महिने ते सगळे पाहून झाल्यावर अण्णा एका सकाळी म्हणाले, "शेती कुठं हाय तुमच्याकडं? ती दाखव की." अमेरिकेत सर्वाधिक ज्वारी पिकवणाऱ्या राज्यात मी नऊ वर्षे राहत होतो, आणि तरीही ज्वारीचे एकही शेत मी जवळून पाहिलेले नव्हते. त्या प्रश्नातून ऑक्टोबरच्या मध्यावर आमचा पाच दिवसांचा प्रवास ठरला. सुगीच्या दिवसांत आपल्या माणसांना घेऊन पश्चिम कॅन्ससला जाऊ इच्छिणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून तो थोडा तपशिलाने लिहीत आहे.

आखणी करताना पहिला निर्णय रस्त्याचा होता. आंतरराज्य महामार्ग ७० ने गेल्यास राज्य एका दिवसात ओलांडता येते, पण तो गावांना बगल देऊन जातो. म्हणून जाताना जुने राजमार्ग ५६ आणि ५०, आणि फक्त परतताना ७०, असे मी ठरवले. एकूण अंतर साधारण बाराशे किलोमीटर भरले. टाकी निम्मी झाली की पुढच्या गावात पेट्रोल भरायचे, सूर्यास्तानंतर हरणे रस्त्यावर येतात म्हणून अंधारापूर्वी मुक्कामी पोहोचायचे आणि नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवायचे, हे तीन नियम मी कसोशीने पाळले, आणि तिन्ही उपयोगी पडले. शाकाहारी जेवणाची खात्री नसल्याने पत्नीने सोलापुरी पद्धतीच्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली. आपली गाडी तिला कामासाठी लागणार होती, म्हणून आमच्यासाठी मी एक भाड्याची गाडी घेतली.

पहिल्या दिवशी दुपारी आम्ही कौन्सिल ग्रोव्हला पोहोचलो. मिझुरीहून सांता फेला जाणाऱ्या व्यापारी मार्गासाठी १८२५ मध्ये ओसेज या मूळनिवासी जमातीच्या लोकांशी येथे करार झाला, आणि त्यावरून गावाला हे नाव मिळाले. आपल्या मुलखातून वाट देण्याबद्दल ओसेजांना रोख रक्कम आणि माल मिळून आठशे डॉलर देण्यात आले. पुढे याच परिसरात कॉ या दुसऱ्या मूळनिवासी जमातीच्या लोकांना वसवले गेले, आणि १८७३ मध्ये तेथूनही हुसकावून आजच्या ओक्लाहोमात पाठवले गेले. कॅन्सस हे राज्याचे नावच त्यांच्यावरून आले आहे. त्यांनी आता गावाजवळ थोडी जमीन परत विकत घेतली आहे, आणि लॉरेन्स शहराने १९२९ मध्ये उचलून नेलेली त्यांची पवित्र लाल शिळा २०२४ मध्ये त्यांच्या ताब्यात परत आली. मी हे सांगत असताना अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. नंतर त्यांनी उजनी धरणात गेलेल्या गावांतील आपल्या पाहुण्यांची आठवण काढली, आणि पुढचे काही मैल आम्ही त्यांच्याविषयीच बोलत राहिलो.

कौन्सिल ग्रोव्हहून दक्षिणेला स्ट्राँग सिटीकडे जाणारा १७७ क्रमांकाचा रस्ता फ्लिंट हिल्समधून जातो. उंच गवताचा मूळ प्रेअरी प्रदेश उत्तर अमेरिकेत आता चार टक्क्यांहूनही कमी उरला आहे, आणि त्यातला मोठा भाग याच टेकड्यांवर आहे. माती पातळ आणि तिच्याखाली लगेच चुनखडी व गारगोटीसारखा कठीण दगड असल्यामुळे येथे नांगर चाललाच नाही. अण्णांनी खाली वाकून माती हातात घेतली आणि हे माळरान आहे, याला चराईच बरी, असा निर्वाळा दिला. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संरक्षित क्षेत्रात गव्यासारखे दिसणारे बायसन चरताना दुरून दिसले. ऑक्टोबरात ते सारे गवत तांबूस होते, आणि वाऱ्याबरोबर त्याचा रंग पालटत जातो.

दुसरा दिवस बहुतेक गाडीतच गेला. न्यूटन आणि हचिन्सनच्या आसपास गव्हाची पेरणी चालू होती. क्रायमिया आणि दक्षिण रशियाकडून १८७४ मध्ये आलेल्या, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांनी आणलेल्या 'टर्की रेड' या हिवाळी गव्हामुळे या राज्याची शेती बदलली. शरदात पेरायचा, बर्फाखाली ठेवायचा आणि जूनमध्ये कापायचा, हे त्याचे चक्र अण्णांना नवलाचे वाटले. कापणीच्या हंगामात टेक्सासपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत हार्वेस्टर घेऊन फिरणाऱ्या टोळ्या असतात असे मी सांगितले, तेव्हा आपल्याकडे पंजाबातून येणारी मशिने त्यांना लगेच आठवली. संध्याकाळी लार्नेडजवळचा १८५९ ते १८७८ या काळातला लष्करी किल्ला पाहिला. त्याला तटबंदी नाही. मोकळ्या मैदानाभोवती वालुकाश्माच्या नऊ मूळ इमारती शाबूत उभ्या आहेत.

डॉज सिटी हे वसाहती पश्चिमेकडे सरकत होत्या त्या काळातले सर्वांत गाजलेले गाव. रेल्वे १८७२ मध्ये तेथे पोहोचली, आणि वायट अर्प व बॅट मास्टरसन या बंदूकबाज पोलीस अधिकाऱ्यांमुळे त्याचे नाव जगभर झाले. पुन्हा उभारलेली फ्रंट स्ट्रीटची लाकडी दुकाने आम्ही पाहिली, पण माझ्या दृष्टीने त्या गावाची खरी गोष्ट तेथल्या १८७८ च्या एका छायाचित्रात आहे. त्यात बायसनच्या सुमारे चाळीस हजार कातड्यांची रास दिसते. बायसन संपल्यावर टेक्सासची गुरे आली. त्या गुरांबरोबर येणाऱ्या गोचिडांच्या तापाची भीती आणि शेतकऱ्यांची काटेरी तारेची कुंपणे यांमुळे १८८५ च्या सुमारास तीही थांबली. बंदुकीच्या दंतकथा जेमतेम दहा वर्षांच्या काळातल्या आहेत, त्यानंतरची जवळजवळ दीडशे वर्षे हे गाव शेती आणि गुरे यांवर जगले आहे. आज तेथे मोठे मांसप्रक्रिया कारखाने आहेत आणि निम्म्याहून अधिक वस्ती लॅटिन अमेरिकी वंशाची आहे. त्यामुळे आम्हाला एका छोट्या मेक्सिकन खाणावळीत मक्याच्या ताज्या पोळ्या, घेवड्याची उसळ आणि भात मिळाला, आणि अण्णा तीन दिवसांत प्रथमच पोटभर जेवले.

तिसऱ्या दिवशी दुपारी २८३ क्रमांकाच्या रस्त्याने उत्तरेकडे निघालो आणि नेस सिटीच्या पुढे दोन्ही बाजूंना ज्वारी लागली. तांबूस कणसांचा सपाट गालिचा क्षितिजापर्यंत पसरला होता. येथले लोक तिला मायलो म्हणतात. जवळून पाहता यावे म्हणून मी डांबरी रस्ता सोडून खडीच्या रस्त्यावर वळलो. हे रस्ते दर मैलाला एकमेकांना काटकोनात छेदतात, कारण सगळी जमीनच मैल-मैलाच्या चौकोनांत मोजलेली आहे. अशा चौकोनाचा चौथा हिस्सा म्हणजे १६० एकर, आणि १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतकऱ्यांना दिले गेले ते हेच १६० एकर. तीन मैल आत गेल्यावर धारदार खडीने मागचे चाक फुटले. गाडीत जादा चाक नव्हते, फक्त हवा भरण्याचा लहान पंप होता, आणि गाडी देणाऱ्या कंपनीने फोनवर चार तास थांबायला सांगितले. गाडी ताब्यात घेतानाच मागची डिकी उघडून जादा चाक आहे का ते पाहावे, आणि नसल्यास खडीच्या रस्त्यावर उतरू नये, हे मी आवर्जून सांगेन.

अर्ध्या तासाने शेजारच्या शेतातले हार्वेस्टर थांबले आणि साठीचे एक शेतकरी उतरून आमच्याकडे आले. त्यांच्या ट्रकवर कॉम्प्रेसर आणि पंक्चर काढण्याचे सर्व सामान होते. चाक दुरुस्त होईपर्यंत अण्णा शेतात शिरून ज्वारी निरखत होते. त्यांचा पहिला प्रश्न ताटांच्या उंचीचा होता. आमची मालदांडी डोक्याच्या वर जाते, ही मात्र कमरेएवढी. यंत्राने कापता यावी म्हणूनच ती अशी ठेंगणी पैदास केलेली आहे. "मग कडबा कुठनं निघायचा? जनावरांनी खायाचं काय?" मी ते इंग्रजीत सांगितले. शेतकऱ्यांनी हातातल्या कणसाकडे बोट करून जनावरे हेच खातात असे उत्तर दिले. दाणा गुरांच्या खुराकाला, इथेनॉलच्या कारखान्याला आणि जहाजाने परदेशी जातो, गावात तो कोणी खात नाही. आम्ही दाणा खातो आणि कडबा जनावरांना घालतो, हे अण्णांनी मोठ्या आवाजात आणि हातवाऱ्यांनी सांगितले, माझ्या भाषांतराची त्यांनी वाट पाहिली नाही. मग त्यांनी गाडीतून कडक भाकरी काढली, तिच्यावर चटणी घालून तुकडा पुढे केला. तीस वर्षे ज्वारी पिकवणाऱ्या त्या माणसाने ज्वारी पहिल्यांदाच चाखली, आणि दुसरा तुकडा स्वतःहून मागून घेतला. पैसे मात्र घेतले नाहीत.

त्यांच्या सांगण्यावरून आम्ही त्यांच्या भरलेल्या ट्रकमागोमाग गावातल्या एलेव्हेटरवर, म्हणजे धान्याच्या उंच सिमेंटी कोठारांवर गेलो. ट्रक काट्यावर आला, नळीने दाण्याचा नमुना ओढला गेला, ओलावा तपासला गेला आणि पावती हाती आली. सारे दहा मिनिटांत आटोपले, आणि हमाली-तोलाईवरून कसलीही बोलाचाली झाली नाही, हे अण्णांनी लक्षपूर्वक पाहिले. भाव मात्र बुशेलला पावणेचार डॉलर होता. ज्वारीचा बुशेल म्हणजे सव्वापंचवीस किलोंहून थोडा अधिक, म्हणजे क्विंटलला सुमारे साडेबाराशे रुपये. त्या वर्षी आपल्याकडे मालदांडीचा हमीभाव ३,४२१ रुपये होता. तो हाती पडतोच असे नाही, हे अण्णांना ठाऊक होते, तरीही हा हिशेब त्यांनी माझ्याकडून दोनदा करून घेतला. पाऊस दोन्हीकडे साधारण पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच. फरक जमिनीच्या आकारात आणि माणसांच्या संख्येत आहे.

माणसे किती कमी झाली आहेत, ते चौथ्या दिवशी निकोडेमसला दिसले. केंटकीतून आलेल्या, गुलामीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी १८७७ मध्ये हे गाव वसवले. झाडे नसल्याने पहिला हिवाळा त्यांनी जमिनीत खणलेल्या घरांत काढला, आणि शिकारीवरून परतणाऱ्या ओसेज लोकांनी त्यांना अन्न दिले. गाव भरभराटीला येत असतानाच १८८८ मध्ये रेल्वे सॉलोमन नदीच्या दक्षिणेकडून गेली आणि दुकानदार रुळांजवळ निघून गेले. तेथे आता मोजकीच घरे आहेत. चुनखडीचा टाउनशिप हॉल, चर्च आणि शाळेची इमारत उभी आहे, आणि दर जुलैच्या अखेरीस वंशज देशभरातून परत येतात. ही आपल्या जत्रेसारखीच रीत आहे, असे अण्णा म्हणाले, आणि मलाही ते पटले. या प्रवासात एकच ठिकाण निवडायचे झाल्यास मी डॉज सिटी सोडून निकोडेमस निवडेन.

परतीच्या वाटेवर व्हिक्टोरिया या गावातले १९११ मध्ये पूर्ण झालेले प्रचंड चर्च पाहिले. रशियातल्या व्होल्गा नदीकाठाहून आलेल्या जर्मन शेतकऱ्यांनी ते बांधले. बारा वर्षांवरील प्रत्येकाला पंचेचाळीस डॉलर आणि सहा गाड्या दगड द्यायचे होते. रस्त्याच्या कडेला शेताच्या कुंपणांतही लाकडाऐवजी त्या भागातल्या दगडाचेच खांब दिसत राहिले. अबिलीनला अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचे बालपणीचे घर आणि समाधी पाहून संध्याकाळी आम्ही घरी पोहोचलो.

त्या शेतकऱ्यांनी अण्णांना तीन कणसे दिली होती. परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र असल्याशिवाय बियाणे भारतात नेता येत नाही, हे सांगितल्यावर अण्णांनी हट्ट धरला नाही. त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरले, एक कणीस चोळून त्याचे दाणे मोजले आणि आकडा आपल्या वहीत लिहून ठेवला. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या शेतकऱ्यांच्या पत्त्यावर वीस कडक भाकरी आणि चटणीचा डबा टपालाने पाठवला.