तुम्ही विचारलंत म्हणून: बर्फावर किती हाडं मोडली?

लेहहून परतून आता बरेच दिवस झाले, तरी दवाखान्यात बीपी तपासायला आलेले आजोबासुद्धा दंडाला पट्टा बांधून घेता घेता विचारतात, "मॅडम, तिकडे बर्फावर किती हाडं मोडली हो?" खरं उत्तर दिलं की सगळ्यांचाच विरस होतो. एकही नाही.

खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा २०२४ चा पहिला टप्पा, म्हणजे आइस हॉकी आणि स्केटिंग, फेब्रुवारीच्या सुरुवातीला लेहला झाला. स्कीइंग वगैरे नंतर गुलमर्गला. मी स्केटिंगच्या एका संघाबरोबर बिनपगारी डॉक्टर म्हणून गेले होते. कुठल्या राज्याचा ते सांगत नाही, मुलं लगेच ओळखू येतील. निघताना मोडलेलं हाड बांधायच्या खपच्या, क्रेप बँडेज, टाक्यांचं सामान असं सगळं बॅगेत कोंबलं होतं. शॉर्ट ट्रॅक, म्हणजे आखूड गोलावरच्या स्केटिंगचा फेरा जेमतेम १११ मीटरचा, त्यात चार-सहा जण एकमेकांना खेटून पळणार आणि प्रत्येकाच्या पायात सुरीसारखं पातं. मी धसकाच घेतला होता.

पण आधी गाठ पडली ती उंचीशी. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. समुद्रकाठी वाढलेलं पोर दिल्लीहून विमानात बसतं आणि सव्वा-दीड तासात अशा ठिकाणी उतरतं, जिथे हवेचा दाब घरच्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी. डोकं ठणकतं, जेवण नको होतं, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. सहलीला निघालेल्यांना मी यासाठी डायमॉक्स लिहून देते. खेळाडूला ती चालत नाही. ते लघवी वाढवणारं औषध आहे आणि अशी औषधं वाडाच्या बंदी यादीत आहेत, कारण लघवी पातळ झाली की तिच्यातलं दुसरं काहीबाही लपून जातं. (वाडा म्हणजे शनिवारवाडा नव्हे, उत्तेजकांवर नजर ठेवणारी जागतिक संस्था. भारतात तेच काम नाडा करते. या दोन नावांवर मुलांनी केलेले विनोद इथे लिहिण्यासारखे नाहीत.)

रीतसर सवलत मंजूर झाल्याशिवाय गोळी नाही. मग उपचार उरला एकच: दोन दिवस पडून राहा, पाणी प्या, स्केट्सना हात लावू नका. शर्यत तोंडावर आलेली असताना सतरा वर्षांच्या पोराला अंथरुणात डांबून ठेवून बघा एकदा. त्यात मी स्वतः डायमॉक्स घेत होते, बोटांना मुंग्या येत होत्या, आणि एकीने ते बरोबर हेरलं. "काकू, तुम्हाला चालतं आणि आम्हाला नाही?" अगं, माझी लघवी तपासायला कोण येणार आहे?

मग खोकला सुरू झाला. गार, कोरडी हवा तोंडाने ओढत पळालं की घसा सोलवटतोच. प्रत्येकाच्या बॅगेत आईने खोकल्याची बाटली दिलेली. मी चष्मा लावून सगळ्या बाटल्यांची लेबलं वाचत बसले. दोन बाटल्यांत टर्ब्युटॅलिन निघालं. आपल्याकडे कुठल्याही मेडिकलमध्ये दिसणारं औषध, पण यादीत बंद. बाटल्या माझ्या ताब्यात. एका आईचा फोन आला, "अहो डॉक्टर, लहानपणापासून हेच घेतो तो!" प्रशिक्षक सरांनी आणलेल्या काढ्याच्या पुडीवर घटकच लिहिलेले नव्हते, तीही जप्त. सर दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलले.

खरी भीती मला वाटली ती बर्फापासून लांब, एका खोलीत. तिसऱ्या दिवशी सकाळी एकाच खोलीतली तिघं डोकं धरून बसलेली, एकाला उलटी झालेली. उंचीचा त्रास, दुसरं काय, असंच कोणीही म्हणेल. बोटाला ऑक्सिमीटर लावला. गार बोटांवर तो खोटं बोलतो, म्हणून आधी हात काखेत धरायला लावले. आकडे आले ९५, ९६, ९५. बाकीचा सगळा संघ ८७-८८ वर असताना यांचेच आकडे इतके छान कसे? शेजारच्या खोलीतल्या मुलांना काहीच होत नव्हतं. मग कोपऱ्यातल्या बुखारीकडे, म्हणजे खोली गरम ठेवायच्या शेगडीकडे लक्ष गेलं, आणि थंडी नको म्हणून फटींत कोंबलेल्या टॉवेलांकडे. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने आपल्याकडे जे होतं, तेच. कार्बन मोनॉक्साइड रक्तात शिरला की ऑक्सिमीटरला तो ऑक्सिजनच वाटतो. खिडक्या उघडल्या, तिघांना बाहेर काढलं, ऑक्सिजनचा सिलिंडर लावला आणि थेट रुग्णालय गाठलं. संध्याकाळपर्यंत तिघंही ताळ्यावर आली. आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाई, सगळे त्यांना आमा-ले (आई) म्हणायचे, रात्री खोल्याखोल्यांतून फिरून माझ्याआधी खिडक्या तपासायला लागल्या.

"मग स्पर्धा पाहिलीत की नाही?" हा पुढचा प्रश्न. पाहिली, पण पळणाऱ्यांचे चेहरे एकदाही दिसले नाहीत. कठड्यापाशी उभी राहून मी फक्त वळणावरची पाती बघत होते. कोपरं सोलली, एकाची हनुवटी फुटली, तिला तीन टाके. सुन्न करायच्या औषधाची कुपी गोठू नये म्हणून स्वेटरच्या आत ठेवली होती, तिचा तेवढाच उपयोग झाला.

पुन्हा बोलावलं तर जाणार आहे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म परवाच घेऊन ठेवला. खपच्या अजून त्याच बॅगेत आहेत, एकीचंही वेष्टन फाटलेलं नाही.